ताशी १६८ मैलांची थाप

एखादी थाप उघडी पडली की फसलेला माणूस सहसा तो विषय पुन्हा काढत नाही. दुसऱ्या कुणी काढलाच तर बोलणं भलतीकडे वळवतो. अमेरिकेतल्या बेसबॉलच्या चाहत्यांचं, त्यातही न्यूयॉर्क मेट्स या संघाच्या जुन्या चाहत्यांचं, एका थापेबाबत नेमकं उलटं आहे. ‘सिड फिंच’ एवढं नाव काढा, की उतारवयाकडे झुकलेली माणसं हौसेनं सांगू लागतात : तेव्हा आपण शाळेत होतो की नोकरीला, तो अंक घरी टपालानं आला की कुणाच्या टेबलावर सापडला, लेखाच्या कुठल्या पानापर्यंत आपला विश्वास टिकला.

बाहेरच्या माणसाला हे ऐकून दोन प्रश्न पडतात. शहाणीसुरती माणसं इतक्या अशक्य गोष्टीवर विश्वास ठेवतात तरी कशी? आणि फसवणूक झाली हे कळल्यावरही त्यांना तिचा राग का येत नाही? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला अधिक महत्त्वाचं वाटतं. पण तिथे पोचायचं तर आधी ती थाप नीट समजून घ्यायला हवी.

१. लेखात काय होतं

‘स्पोर्ट्‌स इलस्ट्रेटेड’ हे त्या काळचं अमेरिकेतलं सगळ्यात वजनदार क्रीडा-साप्ताहिक. त्याच्या १ एप्रिल १९८५ या तारखेच्या अंकात जॉर्ज प्लिम्प्टन यांचा दीर्घ लेख आला. मेट्स संघाचं शिबिर फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्ग इथे चालू होतं. तिथे कापडी आडोसा उभारून एका अनोळखी तरुणाची गुपचूप चाचणी घेतली जात आहे, अशी बातमी त्या लेखात होती.

तरुणाचं नाव हेडन फिंच, वय २८. सगळे त्याला ‘सिड’ म्हणत. सिद्धार्थचं ते छोटं रूप. इंग्लंडमधल्या अनाथालयात वाढलेला हा मुलगा एका पुरातत्त्वज्ञानं दत्तक घेतला. पुढे ते वडील नेपाळात धौलागिरीच्या भागात विमान अपघातात गेले. मुलगा काही काळ हार्वर्ड विद्यापीठात शिकला, मग तिबेटात जाऊन योगसाधना करू लागला. त्या साधनेतून त्याला एक अजब कसब मिळालं : चेंडू ताशी १६८ मैल वेगानं आणि हव्या त्याच जागी फेकण्याचं. फेकताना त्याच्या एका पायात जाडजूड बूट असे आणि दुसरा पाय अनवाणी. बेसबॉलचा सामना तो आयुष्यात कधी खेळलेला नव्हता. शिवाय फ्रेंच हॉर्न हे तोंडानं फुंकायचं पितळी वाद्य तो अप्रतिम वाजवी, आणि बेसबॉल खेळावा की हॉर्न वाजवावं याचा निर्णय त्याला करता येत नव्हता.

लेखाबरोबर छायाचित्रं होती. उंच, किडकिडीत, अवघडून उभा असलेला तरुण. समुद्रकिनाऱ्यावर चेंडू फेकणारा. मेट्सच्या कोचशी बोलणारा.

यातलं फिंचविषयीचं अक्षरन्‌अक्षर काल्पनिक होतं.

२. तो आकडा म्हणजे नेमकं काय

बेसबॉलमध्ये चेंडू फेकणारा म्हणजे पिचर, मारणारा बॅटर आणि त्याच्या मागे उकिडवा बसून चेंडू झेलणारा कॅचर. क्रिकेटशी मोठा फरक असा की पिचरचा चेंडू टप्पा घेत नाही. हवेतून थेट येतो. पिचर उभा असतो तिथपासून बॅटरपर्यंतचं अंतर ६० फूट ६ इंच, म्हणजे सुमारे १८.४ मीटर. फेकताना पिचर लांब पाऊल पुढे टाकतो, त्यामुळे चेंडूला प्रत्यक्षात साधारण १६.८ मीटरच जायचं असतं.

आता हिशेब करू. ताशी १०० मैल म्हणजे ताशी १६१ किलोमीटर. शोएब अख्तरनं २००३च्या विश्वचषकात टाकलेला १६१.३ किलोमीटरचा चेंडू आपल्याला आठवतो, तेवढाच हा वेग. सेकंदाला जवळजवळ ४५ मीटर. या वेगानं १६.८ मीटर कापायला ०.३८ सेकंद लागतात. बॅट फिरवायलाच बॅटरला सुमारे ०.१५ सेकंद लागतात. राहिले ०.२३ सेकंद. तेवढ्यात चेंडू पाहायचा, तो कुठे येणार याचा अंदाज बांधायचा आणि मारायचं की सोडायचं ते ठरवायचं. माणसाच्या डोळ्यानं पाहिलेल्या गोष्टीला शरीर प्रतिसाद देतं त्याला साधारण ०.२ सेकंद लागतात. म्हणजे ताशी १०० मैलांचा चेंडू खेळणं हे जेमतेम, अगदी काठावर शक्य आहे.

फिंचचा चेंडू ताशी १६८ मैलांचा, म्हणजे २७० किलोमीटरचा. तोच रस्ता तो ०.२२ सेकंदांत कापणार. बॅट फिरवण्याचा वेळ वजा केला की विचाराला उरतात ०.०७ सेकंद. चेंडू हातातून सुटल्याचं डोळ्यांनी मेंदूला नीट कळवण्याआधीच बॅट फिरवायला सुरुवात करावी लागेल. असा पिचर खरोखर मैदानात उतरला तर खेळच संपतो.

कॅचरचंही पाहू. वेग १.६८ पट झाला तर चेंडूची ऊर्जा १.६८ गुणिले १.६८, म्हणजे पावणेतीनपटीहून जास्त होते. ती सगळी एका हातमोज्यात जिरवायची.

आणि फेकणाऱ्याचं काय? नोलन रायन या पिचरचा चेंडू १९७४ साली ताशी १००.९ मैल मोजला गेला. २०१० साली आरोल्डिस चॅपमनचा चेंडू १०५.८ मैल भरला. ३६ वर्षांत पाचेक मैलांची वाढ. त्यातही रायनचा चेंडू बॅटरच्या जवळ पोचताना मोजलेला होता आणि चॅपमनचा हातातून सुटताना, म्हणून खरा फरक पाच मैलांहूनही कमी. इतक्या इंच-इंच सरकणाऱ्या विक्रमात एकदम ६५ मैलांची उडी म्हणजे १०० मीटरच्या शर्यतीचा तेव्हाचा ९.९३ सेकंदांचा जागतिक विक्रम मोडून कुणी ती ६ सेकंदांत पुरी करावी.

ही मर्यादा स्नायूंपेक्षा कोपराची आहे. कोपराच्या आतल्या बाजूला हाडांना हाडं बांधून ठेवणारा एक पट्टा असतो, अस्थिबंध. जोरात चेंडू फेकताना त्यावर पडणारा ताण त्याच्या सोसण्याच्या हद्दीला भिडलेला असतो. म्हणूनच तो तुटतो. १९७४ साली टॉमी जॉन या पिचरचा तो तुटला, तेव्हा डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या दुसऱ्या हातातला स्नायुबंध काढून तिथे बसवला. आज ती शस्त्रक्रिया टॉमी जॉनच्याच नावानं ओळखली जाते आणि कित्येक पिचरांना ती करून घ्यावी लागते. ध्यानधारणेनं मन स्थिर होईल, श्वास लांबेल. अस्थिबंध जाड होत नाही.

हा सगळा हिशेब १९८५ सालीही करता आला असता. मग वाचकांनी तो केला का नाही?

३. मृगाच्या आधीचे दिवस

अमेरिकेतल्या बेसबॉलचा हंगाम मार्चच्या अगदी अखेरीला किंवा एप्रिलच्या सुरुवातीला उघडतो. त्याआधी फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळे संघ फ्लोरिडा आणि ॲरिझोनाच्या उबेत सरावाला जातात. अजून एकही खरा सामना झालेला नसतो, एकही संघ हरलेला नसतो. मृग लागण्याआधी शेतकरी जसा आभाळाकडे पाहतो आणि यंदा पाऊस चांगला आहे हे कुणीही सांगितलं तरी त्याला ते खरं मानावंसं वाटतं, तसे हे दिवस चाहत्याचे असतात. शिबिरातून येणारी प्रत्येक बातमी आशेची असते. कुणा खेड्यातून आलेला पोरगा भन्नाट चेंडू टाकतोय, ही तर दर वर्षीची बातमी.

आणि अशा बातम्या कधीकधी खऱ्याही निघत. स्टीव्ह डालकॉव्स्की हा पिचर वरच्या दर्जाच्या स्पर्धेत कधी पोचलाच नाही, तरी इतक्या जोरात चेंडू टाकणारा दुसरा पाहिला नाही असं म्हणणारे जाणकार होते. १९६० साली स्टॉकटनच्या संघाकडून १७० डावांत त्यानं २६२ बॅटर बाद केले आणि भरकटलेल्या चेंडूंमुळे तितक्याच, म्हणजे बरोबर २६२ बॅटरना फुकट धावू दिलं. हे कागदोपत्री नोंदलेले आकडे आहेत. वेग भरपूर, पण दिशेवर ताबा नाही. फिंचच्या लेखात प्लिम्प्टननी वेगाबरोबर अचूक दिशाही देऊन टाकली. डालकॉव्स्कीच्या गोष्टीत जी उणीव सगळ्यांना हळहळायला लावायची, ती भरून काढली. थाप रचणाऱ्याला खेळ किती आतून ठाऊक होता ते इथे दिसतं.

मेट्सपुरतं बोलायचं तर चाहत्यांकडे आशेला सबळ कारण होतं. १९८३ साली हा संघ १६२ पैकी ९४ सामने हरला होता. १९८४ साली त्यानं ९० जिंकले. त्याच वर्षी ड्वाइट गुडन नावाचा १९ वर्षांचा पिचर आला आणि पहिल्याच हंगामात त्यानं २७६ बॅटर बाद केले; नवख्या पिचरचा तो विक्रम होता. कोवळ्या वयाचा मुलगा येऊन विक्रम करतो हे ज्यांनी नुकतंच डोळ्यांनी पाहिलं, त्यांना दुसरा एक मुलगा आला आहे हे खरं वाटलं तर त्यात भोळेपणा थोडा आणि अनुभव जास्त होता.

४. खोट्यात खरं किती

या लेखाचा मोठा भाग खरा होता. मेट्सचा संघ खरा, शिबिराची जागा खरी. पिचिंगचे कोच मेल स्टॉटलमायर खरे. फिंचचे चेंडू झेलले असं सांगणारा कॅचर रॉन रेनॉल्ड्स खरा. त्याच्यासमोर बॅट घेऊन उभा राहिलेल्यांत लेनी डायक्स्ट्रा होता, तोही खरा. पुढे १९८६ साली मेट्सनी विश्वविजेतेपद मिळवलं त्या संघात तो होता. या सगळ्यांच्या तोंडी वाक्यं घातलेली होती आणि त्यांनी तशी मुभा दिली होती. संघाचे जनसंपर्क अधिकारी जे हॉर्विट्झ यांनी क्लबचे दरवाजे उघडून दिले. फिंचसाठी २१ क्रमांकाचा सदरा आला. खेळाडूंच्या खोलीत जॉर्ज फॉस्टर आणि डॅरिल स्ट्रॉबेरी या दोन नामवंतांच्या मधला खण त्याच्या नावाचा झाला.

त्या खणाचं महत्त्व चाहत्यालाच कळतं. ज्यांची नावं रोज वर्तमानपत्रात वाचायची, त्या दोघांच्या मधोमध तिसरं, कधी न ऐकलेलं नाव. लेखातली दहा विधानं जे करू शकली नसती ते एका पाटीनं केलं.

छायाचित्रांतला ‘फिंच’ म्हणजे इलिनॉय राज्यातला एक चित्रकलेचा शिक्षक, छायाचित्रकार लेन स्टुअर्ट यांचा मित्र. सहा फूट चार इंच उंची, भलेमोठे पाय आणि मैदानावर कुठे उभं राहावं न कळणारी देहबोली. खेळाडू नसलेला माणूस निवडल्यामुळे तो फिंचसारखाच दिसला.

आणि लेखकाचं नाव. प्लिम्प्टन यांनी १९५३ साली ‘पॅरिस रिव्ह्यू’ हे वाङ्‌मयीन नियतकालिक मित्रांबरोबर सुरू केलं आणि शेवटपर्यंत चालवलं. पण सामान्य वाचक त्यांना ओळखत ते वेगळ्याच कामासाठी. ते स्वतः खेळात उतरून मग त्यावर लिहीत. १९६३ साली त्यांनी डेट्रॉइट लायन्स या अमेरिकन फुटबॉल संघाच्या शिबिरात खेळाडू म्हणून सराव केला. आर्ची मूर या जगज्जेत्या मुष्टियोद्ध्याशी ते रिंगणात लढले. यांकी स्टेडियममध्ये मोठमोठ्या बॅटरना चेंडू टाकले. हे सगळं ऐकायला अविश्वसनीय आणि तरी खरं होतं. ज्यांच्या खऱ्या गोष्टीही थापा वाटाव्यात अशा, त्या माणसानं आता एक थाप मारली. ती ओळखणार कशी?

मुळात त्यांना थाप मारायला कुणी सांगितलं नव्हतं. संपादक मार्क मल्व्हॉय यांच्या लक्षात आलं की एका अंकाची तारीख नेमकी १ एप्रिल येते आहे. खेळांच्या जगात घडलेल्या एप्रिल फूलच्या गमतींवर लेख लिहा, असं त्यांनी प्लिम्प्टनना सुचवलं. शोध घेतला, पण पुरेसा मजकूर जमेना. तेव्हा तुम्हीच एक रचा, अशी परवानगी मिळाली.

५. ‘पूर्वेकडून आलेला’

मराठी वाचकाला या लेखातलं आणखी एक सूत्र लगेच दिसेल. अमेरिकन वाचकाला एरवी जे पटलं नसतं ते पटवायला तिबेट, नेपाळ आणि योग कामाला आले. मिलारेपा या तिबेटी संताचं नाव आलं, श्वासाच्या आणि देहाच्या सिद्धींचा उल्लेख आला, आणि १६८ या आकड्याला जणू आधार मिळाला. टेक्सासच्या एखाद्या मुलाच्या नावावर तोच आकडा घातला असता तर वाचक हसला असता.

हे पहिल्यांदा घडत नव्हतं. १९४१ साली मॉरिस न्यूबर्गर या न्यूयॉर्कच्या शेअर दलालानं ‘प्लेनफील्ड टीचर्स’ नावाचं महाविद्यालय कल्पनेनं उभं केलं. त्याच्या फुटबॉल संघाचे निकाल तो वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत फोन करून कळवी आणि ते इमानेइतबारे छापले जात. संघ जिंकतच सुटला. त्याचा तारा होता जॉनी चंग, अर्धा चिनी आणि अर्धा हवाईयन, मध्यंतरात भात खाऊन अंगात बळ आणणारा. नोव्हेंबरमध्ये बिंग फुटलं. ४४ वर्षांच्या अंतरानं आलेल्या या दोन्ही थापांत अचाट ताकदीचा उगम आशियात दाखवला आहे. ज्या मुलखाविषयी वाचकाला फार थोडं माहीत असतं, तिथे काहीही घडू शकतं असं त्याला वाटतं. जॉनी चंगच्या भातात मला ओंगळ चेष्टा दिसते. फिंचमध्ये ती नाही, प्लिम्प्टननी त्याला फार मायेनं रंगवलं आहे. तरी अज्ञानाचा उपयोग तोच.

१९८५चा काळही त्याला पोषक होता. बी. के. एस. अय्यंगार यांच्या पुण्यातल्या संस्थेत अमेरिकन विद्यार्थी वर्षानुवर्षं येत होते. ती संस्था १९७५ साली सुरू झाली होती. दुसरीकडे पुण्याहूनच १९८१ साली अमेरिकेत गेलेल्या रजनीशांची ओरेगनमधली वसाहत तिथल्या वर्तमानपत्रांत सतत गाजत होती. योग, ध्यान, आश्रम हे शब्द अमेरिकन वाचकाच्या कानावर रोज पडत होते. अय्यंगारांच्या वर्गात एकेक आसन किती काटेकोरपणे, किती वर्षं घोटावं लागतं हे मात्र तिथे जाऊन आलेल्यांनाच ठाऊक होतं. बाकीच्यांच्या डोळ्यांसमोर हिमालय होता आणि त्या हिमालयातून कुणीही उतरू शकत होतं.

६. उपशीर्षकातली अक्षरं

लेखाच्या मथळ्याखाली दोन ओळींचं उपशीर्षक होतं. फिंच पिचर आहे, योगी आहे, एकांतप्रिय आहे, आणि योगाचं व बेसबॉलमधल्या भवितव्याचं काय करायचं याचा निर्णय तो घेतो आहे, असा त्याचा आशय. भाषा किंचित अवघड, पण नियतकालिकांच्या उपशीर्षकात तसं चालतं. मूळ इंग्रजी शब्दांची फक्त पहिली अक्षरं क्रमानं जोडली की ‘हॅपी एप्रिल फूल्स डे’ तयार होतं. तिथेच थांबू नका, पुढची अक्षरंही जोडा : ‘अहा, थाप!’ या अर्थाचे दोन इंग्रजी शब्द निघतात.

म्हणजे खोटेपणाची कबुली पहिल्याच पानावर, मथळ्याच्या लगेच खाली, ठळक अक्षरांत छापलेली होती. मुखपृष्ठावर तारीख होती तीही खरी. पण साप्ताहिकं त्यांच्या तारखेच्या काही दिवस आधी वाचकांच्या हाती पडतात. मार्चच्या अखेरीला लेख वाचणाऱ्याच्या मनात एप्रिल फूल नव्हतंच.

पुढच्या पंधरवड्यात गोंधळ उडाला. साप्ताहिकाकडे जवळजवळ दोन हजार पत्रं आली. असा चेंडू अंगावर आला तर बॅटरच्या जिवाची हमी कोण देणार, असं विचारायला दोन संघांच्या व्यवस्थापकांनी बेसबॉलचे नवे आयुक्त पीटर युबेरॉथ यांना फोन केल्याचं सांगतात. एवढी मोठी बातमी स्थानिक पत्रकारांना न देता साप्ताहिकाला का दिली, म्हणून न्यूयॉर्कचे एक क्रीडा-पत्रकार हॉर्विट्झना रागावले. पुढच्या अंकात फिंचनं निवृत्ती जाहीर केल्याची छोटी बातमी आली, आणि १५ एप्रिलच्या अंकात साप्ताहिकानं सगळं खोटं असल्याचं सांगितलं.

७. ‘मी तेव्हाच ओळखलं होतं’

आता चाहत्यांच्या आठवणींकडे येऊ. अशा गप्पांत ‘मला पहिल्याच पानावर शंका आली होती’ म्हणणारे भरपूर भेटतात. ते सगळे खरं सांगत असतील, तर ती दोन हजार पत्रं लिहिली कुणी?

इथे मानसशास्त्रातला एक प्रयोग समजून घेण्याजोगा आहे. १९७२ साली अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीन आणि रशियाच्या दौऱ्यावर निघाले. बारूख फिशहॉफ आणि रूथ बेथ या संशोधकांनी विद्यार्थ्यांना आधीच विचारून ठेवलं : अमुक घडेल याची शक्यता किती टक्के वाटते? दौरे आटोपल्यावर त्याच विद्यार्थ्यांना विचारलं, तेव्हा तुम्ही किती टक्के म्हणाला होता? जे प्रत्यक्षात घडलं होतं त्याला आपण आधीपासूनच जास्त टक्के दिले होते, असं त्यांना आठवू लागलं. ते लबाडी करत नव्हते. निकाल कळला की आपल्या आधीच्या मताची आठवण त्या निकालाच्या दिशेला सरकते. फिंच खोटा होता हे एकदा कळल्यावर, तो खरा वाटत असतानाचं आपलं मन पुन्हा गाठणं फार अवघड होतं.

दुसरा धागा याहून जवळचा, कारण त्यात बेसबॉलच आहे. अल्रिक नायसर हे स्मृतीवर काम करणारे मोठे मानसशास्त्रज्ञ. ७ डिसेंबर १९४१ रोजी जपाननं पर्ल हार्बरवर हल्ला केल्याची बातमी आपण कशी ऐकली हे त्यांना लख्ख आठवत असे : रेडिओवर बेसबॉलचा सामना ऐकत बसलो होतो आणि तो मध्येच थांबवून बातमी सांगितली गेली. कित्येक वर्षांनी त्यांच्या ध्यानात आलं की डिसेंबरात बेसबॉल खेळलाच जात नाही. पुढे दुसऱ्या संशोधकांनी शोधून काढलं की त्या दिवशी न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर अमेरिकन फुटबॉलचा सामना चालू होता आणि त्यातल्या संघांची नावं होती जायंट्स आणि डॉजर्स. न्यूयॉर्कच्या बेसबॉल संघांचीही तेव्हा हीच नावं होती. आठवणीचा गाभा खरा, तपशील शेजारच्या खेळातून उचललेला.

याच नायसरनी निकोल हार्श यांच्याबरोबर जानेवारी १९८६ मध्ये, म्हणजे फिंचनंतर वर्षाच्या आत, एक पाहणी केली. ‘चॅलेंजर’ यानाचा स्फोट झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं : बातमी कुठे कळली, कुणाकडून, बरोबर कोण होतं. सुमारे अडीच वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना पुन्हा तेच विचारलं. ११ जणांचं एकही मुख्य उत्तर जुळलं नाही, आणि तरी आपलं आठवणं बरोबर आहे अशी त्यांची खात्री होती. स्वतःच्या हस्ताक्षरातला जुना कागद दाखवल्यावरही मूळ आठवण परतली नाही.

म्हणून चाळीस वर्षांनी ‘तेव्हा मी अमुक ठिकाणी होतो’ असं कुणी सांगतं तेव्हा त्याचे तपशील तपासत बसू नये असं मला वाटतं. फिंचच्या आठवणीत कुणाचे वडील असतात, कुणाचा शाळेतला मित्र, ज्याला त्यानं ही बातमी उत्साहानं सांगितली आणि ज्यानं त्याच्याइतक्याच उत्साहानं ती ऐकली. त्या संध्याकाळचं बोलणं खरं होतं. विषय खोटा निघाला एवढंच.

८. राग आला असता तो कशाचा

अप्रामाणिकपणा बेसबॉलच्या चाहत्याला चालतो असं मुळीच नाही. २००१ साली लहान मुलांच्या जागतिक स्पर्धेत ब्राँक्सच्या संघाचा एक मुलगा अफाट पिचिंग करून गेला. एका सामन्यात त्यानं समोरच्या संघाच्या एकाही बॅटरला पुढे सरकू दिलं नाही. नंतर उघड झालं की १२ वर्षांच्या मुलांच्या त्या स्पर्धेत तो १४ वर्षांचा होता; मोठ्यांनी त्याची जन्मतारीख बदलली होती. हे शोधून काढण्यात ‘स्पोर्ट्‌स इलस्ट्रेटेड’चाच हात होता. संघाचं तिसरं स्थान गेलं, सगळ्या नोंदी पुसल्या गेल्या. त्या मुलासमोर बाद झालेली पोरं, नियमानं खेळलेले संघ, आणि मोठ्यांच्या हातात सापडलेला तो मुलगा, या सगळ्यांचं काहीतरी हिरावलं गेलं.

फिंचनं कुणाचं काही हिरावलं नाही. तो एकही सामना खेळला नाही, कुणाला बाद केलं नाही, कुणा खेळाडूची जागा अडवली नाही. त्याच्या नावावर एकही तिकीट विकलं गेलं नाही. पंधरा दिवसांत फसवणाऱ्यानंच खरं सांगून टाकलं, आणि कबुली तर आधीपासून छापलेलीच होती. शिवाय या थापेत चाहत्याची चेष्टा कुठेच नव्हती. मार्चच्या अखेरीला मेट्सच्या चाहत्याला जे हवं असतं, नेमकं तेच त्याला चौदाएक पानांत सविस्तर वाचायला मिळालं. आणि मग जे घडलं ते प्लिम्प्टनच्या हातात नव्हतं : त्या १९८५च्या हंगामात गुडननं २४ सामने जिंकले, फक्त ४ गमावले, पुढच्याच वर्षी मेट्स विश्वविजेते झाले. एप्रिलची आशा थापेनं उंचावली होती, ती खऱ्या संघानं पुरी केली. तो संघ त्या दोन वर्षांत तळाशी गेला असता तर फिंचचं नाव इतक्या आनंदानं निघालं असतं का, याची मला शंका आहे.

प्लिम्प्टननी १९८७ साली त्याच लेखाची कादंबरी केली. ते २००३ साली वारले. २०१५च्या ऑगस्टमध्ये मेट्सच्याच कनिष्ठ संघानं, ब्रुकलिन सायक्लोन्सनं, सामन्याला आलेल्या प्रेक्षकांना सिड फिंचच्या मान हलवणाऱ्या बाहुल्या वाटल्या. लेखात फिंच झालेला शिक्षक त्या दिवशी मैदानावर आला होता.

त्याच २०१५ सालापासून अमेरिकेतल्या वरच्या दर्जाच्या प्रत्येक बेसबॉल मैदानावर चेंडूचा वेग, फिरकी आणि वाट टिपणारी यंत्रणा बसवलेली आहे. पिचरनं टाकलेला प्रत्येक चेंडू काही सेकंदांत आकड्यांसह पडद्यावर येतो. आज कुणी १६८ हा आकडा छापला, तर वाचक पहिल्यांदा विचारील तो कोणत्या यंत्रानं मोजला. १९८५ साली प्लिम्प्टननी या प्रश्नाचीही सोय केली होती : वेग मोजणाऱ्या रडार-बंदुकीचं नाव त्यांनी लेखातच दिलं होतं, आणि ती बंदूक बाजारात खरोखर मिळणाऱ्या कंपनीची होती.